मामाची साडी आणि अमेरिकेची कॅसेट

मागच्या महिन्यात तुम्ही आत्याआजीकडे गेला होतात, तेव्हा तिने तुम्हाला तिच्या लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ दाखवला. जुन्या कॅसेटवरून कुणीतरी तो कॉम्प्युटरवर उतरवून दिला आहे म्हणे. नंतर तुम्ही दोघांनी मला फोनवर विचारलंत, की नवरीचं कुंकू कपाळावर न राहता बाजूला सांडल्यासारखं का दिसतं, आणि साडीचा रंग साडीच्या बाहेर का येतो. मी म्हटलं, लिहून कळवते. प्रश्नाचं उत्तर तसं चार ओळींचं आहे. पण ह्याच कॅसेटपायी तुमच्या पणजीने आपल्या लेकीशी बोलणं टाकलं होतं, ते चार ओळींत मावणार नाही. म्हणून दोन्ही एकत्र लिहिते. आधी माणसं सांगते, मग टीव्ही.

आम्ही तेव्हा नेरुळला राहत होतो. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. इमारती नव्या होत्या आणि रस्त्याकडेची झाडं अजून पिंजऱ्यांत होती. मी वाशीच्या एका शाळेत इंग्रजीतून विज्ञान शिकवत होते. आजोबा तुर्भ्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात दाब आणि तापमान मोजणाऱ्या यंत्रांची देखभाल पाहायचे. फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत आम्ही जवळच्याच शिरवणे गावात भाड्याने राहिलो होतो, आणि तिथली आगरी घरमालकीण पणजीची मैत्रीण झाली होती. पणजी म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर त्या साताऱ्याकडचं गाव सोडून आमच्याकडे आल्या. मी त्यांना आई म्हणत असे, इथेही तसंच म्हणते.

आत्याआजी ही आईंची एकुलती एक लेक. लग्न होऊन अमेरिकेला गेली आणि तिथलीच झाली. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. आमच्याकडे नुकताच फोन आला होता आणि रविवारी आई आंघोळ उरकून त्याच्याजवळच बसायच्या. अशाच एका रविवारी आत्याआजीने सांगितलं, की तिच्या लेकीने लग्न ठरवलंय आणि मुलगा तिकडचाच आहे, गोरा. आईंनी फोन आजोबांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्यानंतर बरेच रविवार त्या फोनवर आल्या नाहीत.

मग एक दिवस आपण होऊनच म्हणाल्या, मामाची साडी तर जायलाच हवी. आपल्याकडे नवरी बोहल्यावर उभी राहते ती मामाने दिलेली पिवळी साडी नेसून, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मामा म्हणजे आजोबा. पण साडी निवडायला आई स्वतः माझ्याबरोबर वाशीला आल्या. दुकानदाराने पिवळ्या साड्यांचा ढीग पुढ्यात टाकला. एक लिंबाची निघाली, एक आंब्याची, एक म्हणे उन्हात वाळवल्यासारखी. त्यांना ओल्या हळकुंडाचा पिवळा हवा होता. शेवटी तसा सापडला, लाल काठाचा. आजोबांच्या कारखान्यातले एक साहेब अमेरिकेला निघाले होते, त्यांच्याबरोबर साडी रवाना झाली. लग्नाला इथून कुणालाच जाता येणार नव्हतं. त्या रविवारी आईंनी फोन घेतला आणि लेकीला एकच गोष्ट सांगितली.

“पोरगी बोहल्यावर ह्याच साडीत उभी ऱ्हायली, तर मी समजंन पोरगी आपली हाय. मग नवरा कुनीबी असू दे.”

आत्याआजी हो म्हणाली. लग्न झालं. नवरानवरी दिवाळीला इकडे यायची ठरली. फोटोंचा अल्बम तयार व्हायला वेळ होता, पण लग्नाची व्हिडिओ कॅसेट ओळखीच्या कुणाबरोबर आधीच आली.

आता टीव्ही. तुमच्या भिंतीवरचा पडदा लाखो ठिपक्यांचा असतो आणि प्रत्येक ठिपक्याला आपला रंग आकड्यांत कळवलेला असतो. आमचा टीव्ही मोठ्या पेटीएवढा होता आणि त्यात आकडा म्हणून नव्हता. पडद्याच्या मागून इलेक्ट्रॉनांचा झोत यायचा आणि आपण वाचतो तसा एकेक ओळ डावीकडून उजवीकडे, वरून खाली जायचा. झोताचा जोर जास्त तिथे उजेड, कमी तिथे अंधार. हा जोर किती ठेवायचा, ते मुंबईच्या मनोऱ्यावरून लाटांच्या उंचसखलपणातून यायचं. लाट खाडी ओलांडून आमच्या गच्चीवरच्या अँटेनावर पोचायची. कधी तीच लाट पारसिकच्या डोंगरावर आपटून जरा उशिरा परत यायची, आणि मग बातम्या देणाऱ्या बाईंच्या शेजारी त्यांचीच एक पुसट जुळी बहीण दिसायची. आजोबा गच्चीत जाऊन अँटेना फिरवायचे आणि मी खिडकीतून ओरडून सांगायची, गेली, आली, गेली.

हे झालं काळ्यापांढऱ्याचं. रंग मागाहून आला. तोवर लोकांच्या घरात काळेपांढरे टीव्ही होते आणि ते काही फेकून देता येत नव्हते. तेव्हा रंग पाठवायचा, पण जुन्या टीव्हीला त्याचा त्रास होता कामा नये, अशी अट होती. ही अट ज्यांनी पाळली त्यांचं मला फार कौतुक वाटतं. त्यांनी काय केलं, ते रांगोळीवरून सांगते. रांगोळीत आपण आधी पांढऱ्या रेघांनी आकृती काढतो. रेघा बारीक आणि चोख हव्यात, कारण डोळा पकडतो तो रेघेलाच. मग आत रंग भरतो. तो जरा इकडेतिकडे झाला तरी रेघ नीट असली की चित्र छान दिसतं. टीव्हीतही उजेडाची रेघ पूर्वीसारखीच पाठवत राहिले, बारीक तपशिलासकट. रंग मात्र एका वेगळ्या, फार जलद अशा बारीक लाटेवर बसवला, आणि ती लाट उजेडाच्याच लाटेत मिसळून दिली. रंगाला जागा थोडी, त्यामुळे तो भरड. आणि कॅसेटवर तर त्याला त्याहूनही कमी जागा. म्हणून तुमच्या आतेआत्याचं, म्हणजे त्या नवरीचं, कुंकू सांडलेलं दिसतं. कपाळाची रेघ नीट आहे, रंग तेवढा रेघेबाहेर गेलाय. झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

आता कॅसेट लावली त्या दुपारी काय झालं, ते सांगते.

आईंनी सोसायटीतल्या बायकांना रविवारी जेवणानंतर बोलावलं होतं. नातीचं लग्न दाखवायचं म्हणून पेढे आणले होते, ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. व्हीसीआर माझ्या धाकट्या दिरांनी दुबईहून आणलेला होता आणि त्यावर कुठल्याही देशाची कॅसेट चालते असं ते सांगून गेले होते. कॅसेट लावली तर चित्र खालून वर, खालून वर पळायला लागलं. आजोबांनी टीव्हीच्या पाठीमागची एक बारीक कळ फिरवून ते थांबवलं. चित्र थांबलं खरं, पण रंग आलाच नाही. सगळं काळंपांढरं.

बायका म्हणाल्या, असू दे, माणसं तर दिसतायत. आई पुढे सरकून बसल्या. अंतरपाट धरलेला होता. एका बाजूला उंच नवरा, दुसऱ्या बाजूला मुंडावळ्या बांधलेली आमची पोर. तिच्या अंगावर साडी होती पांढरीशुभ्र, आणि तिला काळा काठ.

 मग दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, तिकडे नवरी पांढऱ्यातच असते ना, त्यांच्या भाच्याने सांगितलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हणाल्या, आता कुठे आपल्यासारखं राहिलंय, साडी नेसली हेच खूप. दोघींनीही आईंना धीर द्यावा म्हणूनच म्हटलं असणार. आईंनी उठून पेढ्यांचं ताट घेतलं आणि एकेकीच्या हातावर पेढा ठेवला. स्वतः खाल्ला नाही.

तुम्हाला नीट समजावं म्हणून सांगते. पांढरं लुगडं म्हणजे काय, हे आईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या आईने वयाच्या तिशीत विधवा झाल्यापासून मरेपर्यंत तेच नेसलं होतं. आणि नातीला तिकडच्या रीतीप्रमाणे पांढरं नेसवलं असेल, तर त्याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच होता. त्यांनी पाठवलेली साडी कपाटात पडली होती, आणि लेक फोनवर हो म्हणाली ते खोटं होतं.

बायका गेल्यावर आजोबांनी समजावायला सुरुवात केली, की आई, रंगच आला नाही तर पिवळं कसं दिसेल.

“रंग न्हाई आला, मान्य,” आई म्हणाल्या. “पन रंग असला तर त्याची सावली तरी पडंल का न्हाई? कुंकू काळं दिसलं. चुडा करडा दिसला. मग हळद काय वाऱ्यावर गेली?”

आजोबा माझ्याकडे पाहायला लागले. प्रश्न बिनतोड होता. मला उत्तर ठाऊक होतं, पण मी ते इंग्रजीत शिकले होते आणि इंग्रजीतच शिकवत होते. आईंना ते मराठीत सांगायचं म्हणजे मलाच ते पुन्हा मुळापासून समजून घ्यायला लागणार होतं. त्यात काही दिवस गेले.

मधल्या रविवारी फोन वाजला. आईंनी पूजेला बसल्याचं सांगायला लावलं आणि खरंच देवापुढे जाऊन बसल्या. आत्याआजी विचारत होती, कॅसेट पाहिलीत का, आई काय म्हणाली. आजोबांनी सांगून टाकलं, की व्हीसीआर दुरुस्तीला दिलाय. मी आईंना म्हटलं, सरळ विचारू या ना, साडी कुठली होती म्हणून. त्यांनी नकारार्थी मान हलवली. विचारल्यावर लेक पिवळीच सांगणार, आणि ते खरं की खोटं हे आपल्याला कसं कळणार. शिवाय विचार केल्यावर मलाही ते नकोसं वाटलं. साडी खरोखर नेसलेली असेल, तर आईने आपल्यावर विश्वास ठेवला नाही हे आत्याआजीला जन्मभर टोचलं असतं.

जेवताना आई म्हणाल्या, “दिवाळीला ती येनार असतील तर येऊ द्या. मी गावी जाईन.”

तेव्हा मी ठरवलं, की हे असं सोडून चालणार नाही.

संध्याकाळी टीव्हीवर शेतकऱ्यांचा एक कार्यक्रम लागायचा. गाव सुटलं तरी आईंनी तो सोडला नव्हता. त्या दिवशी सूर्यफुलाचं शेत दाखवत होते, पडदाभर पिवळं. आमच्या टीव्हीला खाली एक छोटं झाकण होतं आणि त्यात रंग कमीजास्त करायची कळ होती. मी आईंना पाहत राहायला सांगितलं आणि ती कळ हळूहळू पार शेवटपर्यंत फिरवली. रंग ओसरला. पानं काळपट करडी झाली आणि फुलं झाली जवळजवळ पांढरी. कळ उलटी फिरवली, फुलं पिवळी. मी तीनचारदा करून दाखवलं.

मग त्यांना सांगितलं. कॅमेरा उजेडाचे तीन वाटे करतो, लाल, हिरवा आणि निळा. आणि डोळ्याला जो उजेड वाटतो, त्यात सगळ्यात मोठा वाटा हिरव्याचा, त्याखालोखाल लालचा आणि निळ्याचा अगदी चिमूटभर. काळ्यापांढऱ्या चित्रात ह्या वाट्यांची फक्त बेरीज जाते. पांढऱ्यात तिन्ही असतात. टीव्हीच्या उजेडात पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा मिळून, निळा तेवढा वगळला. म्हणजे पांढऱ्यातून चिमूटभरच कमी झालं. बेरीज जवळपास तीच. कुंकवात नुसता लाल, म्हणून ते गडद. चुड्यात नुसता हिरवा, म्हणून तो करडा. हळदीची सावली पडत नाही ती एवढ्यासाठी.

आईंनी सगळं ऐकून घेतलं. स्वतः उठून झाकण उघडलं, कळ फिरवून पाहिली, फुलं पांढरी केली आणि पिवळी केली. मग म्हणाल्या, “खरं हाय तुझं. म्हंजे ते सूर्यफूलबी असंल आन् पांढरी शेवंतीबी असंल. ह्या डब्याला दोन्ही सारखीच.”

वर्गात एखाद्या मुलीने असं म्हटलं असतं, तर मी तिचं सगळ्यांसमोर कौतुक केलं असतं. पिवळी साडी पांढरी दिसू शकते, एवढंच मी दाखवलं होतं. पांढरीही पांढरीच दिसते. कोण कुठली, ते त्या चित्रातून कधीच कळणार नव्हतं. त्यासाठी रंग परत आणायला हवा होता.

रंग कॅसेटवर होता. तो गेला कुठे नव्हता, आमच्या टीव्हीला तो वाचता येत नव्हता. ह्याचं कारण असं, की रंगाच्या बारीक लाटेची उंची सांगते रंग किती गडद, आणि तो रंग कोणता हे कळतं ती लाट किती मागेपुढे सरकली आहे त्यावरून. कशाच्या मागेपुढे, तर त्यासाठी प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक छोटा नमुना पाठवतात. गाण्याआधी तंबोरा लावतात ना, तसा. टीव्ही तो सूर धरतो आणि पुढची लाट त्याच्याशी ताडून पाहतो. पण वाटेत लाट जराशी जरी सरकली तरी रंग बदलतो. आपल्याकडच्या पद्धतीत ह्यावर तोड काढलेली होती. एक ओळ सरळ पाठवायची आणि पुढची ओळ रंगाचा एक भाग उलटा करून. मग एका ओळीत रंग चुकून निळ्याकडे गेला तर दुसरीत तो तेवढाच उलट बाजूला जातो, आणि दोन्ही मिळून चूक फिटते. अमेरिकेने रंग आधी आणला. त्यांच्याकडे हे उलटंसुलटं नव्हतं. आमचा टीव्ही बिचारा उलटी ओळ शोधत राहिला, ती सापडेना. आणि टीव्हीत अशी सोय असते, की रंग नीट ओळखता येत नसेल तर काहीतरी भलता दाखवण्यापेक्षा तो बंदच करायचा. त्याने बंद केला. त्याच्या परीने तो प्रामाणिकपणेच वागला.

तेव्हा दोन्ही पद्धती समजणारा टीव्ही हवा होता. तो शिरवण्याला निघाला. आमच्या जुन्या घरमालकिणीचा मुलगा जहाजावर नोकरीला होता, त्याने मागच्या सुट्टीत असा टीव्ही आणला होता. शनिवारी दुपारी आम्ही तिघं रिक्षाने गेलो. व्हीसीआर माझ्या मांडीवर, कॅसेट आईंच्या पिशवीत.

मालकीण ओटीवरच बसली होती. “ये गो म्हातारे,” ती म्हणाली. “घर बांदलास तवापासून आमची वाट इसरलीस.”

आई म्हणाल्या, वाट विसरले नाही, तुझ्याकडे काम पडलं नव्हतं. दोघी हसल्या. मालकिणीला आजोबांनी सगळं सांगितलं. तिने विचारलं एवढंच, की साडी पांढरी निघाली तर म्हातारी काय करणार. आई म्हणाल्या, काय करायचं ते करीन, आधी लाव.

लावली. चित्र पळालं नाही, आणि ह्या वेळी रंग आला. पण तो असा आला, की भटजींपासून वऱ्हाडापर्यंत सगळ्यांच्या तोंडाला शेवाळ आल्यासारखं दिसत होतं.

मालकीण टीव्हीजवळ गेली. “तुजा जावय हिरवा हाय काय गो?”

“गोरा हाय म्हनून सांगितलं हुतं,” आई म्हणाल्या. “हिरव्याचं कुनी बोललं न्हाई.”

साडीही हिरवट होती, कैरीच्या फोडीसारखी. माझा जीव थोडा भांड्यात पडला, कारण पांढरी असती तर ती हिरवी व्हायचं कारण नव्हतं. पांढऱ्याला रंगाची लाटच नसते, मग सरकणार काय. मी हे बोलायला तोंड उघडलं, पण आईंचा चेहरा पाहून गप्प बसले. त्यांचं शास्त्र ऐकून झालं होतं. आता त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं.

अमेरिकन पद्धतीत रंग असे सरकतात हे तिकडच्या लोकांनाही माहीत होतं, म्हणून अशा टीव्हीला रंगाची छटा डावीउजवीकडे सरकवायची एक कळ असते. आपल्या टीव्हीला ती नसायची, गरजच नव्हती. आजोबांनी ती शोधून काढली आणि फिरवायला लागले. साडी हिरवट पिवळी झाली. आणखी थोडी फिरवली.

“थांब,” आई म्हणाल्या.

आजोबांचा हात थांबला.

“तू साडीकडं बघून फिरवतोयस. तुला पायजे तसा पिवळा तू करशील. त्यात काय राम हाय?”

आजोबा म्हणाले, मग कशाकडे बघू, नवऱ्याच्या तोंडाकडे बघतो. मालकीण म्हणाली, त्या लोकांच्या तोंडाचा खरा रंग कुणाला ठाऊक आहे, कुणी टोमॅटोसारखा असतो, कुणी मुळ्यासारखा.

“चुड्याकडं बघ,” आई म्हणाल्या. “चुडा हिरवाच असतो, हितं काय आन् तिथं काय. चुडा हिरवा दिसंस्तवर फिरव, आन् मग हात काढ. मी बघत न्हाई.”

आणि त्यांनी पदर तोंडावर घेतला.

खोलीत फक्त कॅसेटमधले भटजी बोलत होते. नवरीच्या हातातला चुडा तोवर निळसर दिसत होता, मोरपिसाच्या रंगाचा. आजोबांनी कळ फिरवली. चुडा हिरवा झाला, मग जरा पोपटी झाला. मालकीण म्हणाली, “मागं ने, मागं ने, जास्त जाला.” आजोबांनी कळ जराशी मागे आणली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मालकिणीकडे पाहिलं. तिने आपला हात पुढे केला. तिच्या मनगटात लग्नापासूनच्या हिरव्या बांगड्या होत्या. तो हात तिने पडद्याला लावला, नवरीच्या हाताशेजारी. एकच रंग. आजोबांनी कळ सोडून दिली आणि मागे सरकले.

आईंनी पदर खाली घेतला.

साडी पिवळी होती, लाल काठाची. पोरीचं कपाळ गव्हाळ होतं आणि कुंकू लाल होतं. नवरा गुलाबीच्या जवळपास होता. आईंनी बराच वेळ पाहिलं. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, कुणीतरी हसलं. मग त्या म्हणाल्या, “जरा आंब्याकडं गेलीय.”

आजोबा लगेच उठले, की थोडं हळदीकडे नेतो. आईंनी त्यांना खाली बसवलं.

“असू दे. हात लावू नको आता.”

मालकिणीने चहा आणला. आईंनी कॅसेट मागे घ्यायला लावली आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिली. ह्या वेळी त्या बोलत होत्या. भटजी फार घाई करतोय. विहिणीच्या डोक्यावर पदर राहत नाहीये, पण बिचारी सारखा सावरतेय. पोरीच्या निऱ्या उलट्या बाजूला खोचल्यात. ह्या शेवटच्या गोष्टीवर दोघी म्हाताऱ्यांचं बराच वेळ बोलणं झालं. मालकिणीचं म्हणणं पडलं, की नेसवणारीला सवय नसणार. आई म्हणाल्या, नेसवणारी माझीच लेक असणार, तिथं दुसरं कोण होतं. तिला कधी नीट नेसवता आलीच नाही, तिच्या स्वतःच्या लग्नातही मीच नेसवली होती. 

दुसऱ्या दिवशी रविवार होता. फोन वाजला तेव्हा आई तिथेच बसल्या होत्या. त्यांनीच उचलला. पलीकडून आत्याआजी एक क्षण काही बोलली नसावी, कारण आई दोनदा म्हणाल्या, अगं मीच आहे. मग कॅसेट पाहिली म्हणून सांगितलं. व्हीसीआर दुरुस्त झाला का, असं तिने विचारलं असणार, कारण आईंनी आजोबांकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, झाला बाई एकदाचा. नंतर विचारलं, साडी कुणी नेसवली. उत्तर ऐकून घेतलं.

“निऱ्या चांगल्या बसल्यात,” त्या म्हणाल्या.

आत्याआजी पलीकडे रडत असावी. आई रिसीव्हर कानाला धरून बसल्या. मग त्यांनी विचारलं, तो आहे का तिथे. तो म्हणजे नातजावई. तो फोनवर आला आणि त्याने पाठ केलेला नमस्कार केला, आईंना तो कळला. पुढे काय बोलायचं, हे दोघांनाही सुचेना. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र सुरू झाली होती. आईंनी रिसीव्हरवर हात ठेवून मला विचारलं, त्याला इंग्रजीत काय म्हणू. मी सांगितलं, मराठीतच बोला, आवाजावरून कळेल त्याला. त्यांनी हात काढला.

“जेवलास का?”

तो हो म्हणाला. हो एवढं त्याला येत होतं.